आप्पांचा डावा तळहात

तंबाखूचा पाइप तयार झाला की आप्पा तो स्वतः ओढून बघायचे. त्याशिवाय एकही पाइप कारखान्याबाहेर जात नसे. कारखाना म्हणजे तरी काय, घरामागची लांबट खोली, खिडकीशी लेथ, भिंतीवर कानशी आणि कोपऱ्यात वाळत पडलेल्या ब्रायरच्या गाठी. ब्रायर हे एक झुडूप. त्याच्या मुळाशी गाठ धरते, आणि त्या गाठीचं लाकूड विस्तवाला सहज दाद देत नाही. लेथवर थोरली लेक उभी राहायची. गाठीतून वाटी कोरायची, नळीचं भोक पाडायचं, वाटीची भिंत तासायची, हे सगळं तिचं. मग आप्पा वाटीत तंबाखू भरत, काडी लावत आणि वाटी डाव्या तळहातात धरून दहा मिनिटं गप्प बसत. त्यांनी मान हलवली की पाइप पास. चाळीस वर्षं त्या तळहाताच्या शब्दावर दुकानं माल उचलत आली होती.

त्या सकाळी पुलापलीकडच्या दुकानाची मालकीण आली आणि तिने कागदात गुंडाळलेले चार पाइप बाकावर मांडले.

"आप्पा, हे परत आले. चारही नवशिक्यांचे, एकाच महिन्यात. हात भाजतो म्हणतात."

"भाजणारच," आप्पा हसले. "आगगाडीच्या इंजिनासारखे ओढत असतील. घाई त्यांची आणि बोल माझ्या लाकडाला?"

"ओढतात हो तसेच. पण नवशिक्यांसाठीच तर घेते ना मी तुमच्याकडून? ज्याला ओढता येतं तो माझं कशाला ऐकतोय? मला आज काय ते सांगा. दोष पाइपाचा निघाला तर दुकानातली तुमची फळी मी मक्याच्या कणसाच्या पाइपांना देते."

थोरलीने लेथ बंद केला. परत आलेल्या एका वाटीला तिने जाडी मोजायचा कॅलिपर लावला. भिंत गेल्या वर्षीपेक्षा अर्धा सूत पातळ होती. तासली तिनेच होती. हिवाळ्यापासून आप्पांनी धोशाच लावला होता, 'बोजड दिसते, अजून घे. हाताला काही गरम लागत नाही.' ज्या हाताने तिला लेथ शिकवला, त्या हाताला ती काय विचारणार, की खरंच लागत नाही का?

आप्पा मात्र रंगात आले होते. फळीवरून एकेक पाइप काढून ते बाईंपुढे ठेवत होते.

"हा तुमचा कणसाचा. गरीब स्वभावाचा. कसाही ओढा, हात भाजत नाही. पण फार दिवस संसार करत नाही, बूड जळतं. हा पांढरा, दगडाचा. धूर पितो आणि थंड राहतो, पण हातातून पडला की संपला. नवशिक्याच्या हातून पडणार नाही तर काय होईल? ब्रायर मधला. सावकाश तापतो, सावकाश निवतो, चार चुका पोटात घालतो."

"आणि मातीचा?"

"मातीच्या पोटात काही राहत नाही. आत जे तापलं ते लगेच बाहेर. थांबा, दाखवतोच." त्यांनी मातीच्या पाइपात तंबाखू भरली, काडी लावली आणि चार-पाच मोठे झुरके घेतले. "म्हणून हा दांडीला धरायचा. वाटीला बोटसुद्धा लावायचं नाही. नवशिक्याला हे पहिल्या दिवशी सांगायचं."

सांगत होते ते दांडी धरायला, आणि वाटी त्यांच्याच डाव्या तळहातात बसली होती. नेहमीसारखी, अंड्यासारखी अलगद.

थोरलीला आधी वाटलं, विझला असेल. पण धूर सरळ वर चढत होता. बाई पांढरा पाइप उजेडात धरून बघत होत्या. बोलावं तर परक्यासमोर आप्पांची चाळीस वर्षं उघडी पडणार. न बोलावं तर हात भाजतोय. ती पुढे झाली आणि तिने वाटीच हिसकून घेतली.

"आई गं!" पाइप बाकावर आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. बोटं झटकत ती बाईंना म्हणाली, "चूक माझी आहे. भिंत मीच पातळ घेतली."

"तुझी कसली? मी सांगितली तेवढीच घेतलीस," आप्पा म्हणाले. मग त्यांनी तिच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला. मधोमध रुपयाएवढा लाल डाग होता आणि त्यावर कातडी फुगत होती.

बाईंनी पांढरा पाइप हळूच खाली ठेवला.

"आप्पा, कधीपासून?" थोरलीने विचारलं.

"बोटांची टोकं हिवाळ्यात बधिर झाली. वाटलं, थंडीनं असेल. तळहात शाबूत आहे, असं धरून चाललो होतो मी."

"आधी पाण्याखाली धरा तो," बाई म्हणाल्या. "आजच डॉक्टरांना दाखवा. पाइपांचं बघू नंतर."

"नंतर नाही." नळाखाली हात धरून आप्पा म्हणाले. पाणी पडताना ते त्याच्याकडे असे बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाच्या हातावर पडतंय. "दोष पाइपाचा. नवशिक्यांचा नाही. पण फळी देऊ नका कुणाला. आठ दिवस द्या."

"देईन. पण तपासणार कोण?"

आप्पांनी लेकीकडे पाहिलं.

"मी? मला धड झुरका घेता येत नाही!"

"म्हणूनच. मी हळू ओढतो. हात धड असता, तरी नवशिक्याचं भाजणं मला पुरतं कळलं नसतं. बस माझ्या खुर्चीत."

ती बसली. परत आलेलाच एक पाइप त्यांनी उजव्या हाताने भरून दिला. पहिल्या झुरक्याला ती ठसकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि विझेल या भीतीने तिने भसाभस ओढायला सुरुवात केली.

"सुटली गाडी!" बाई हसल्या.

आप्पा हसले नाहीत. डाव्या हाताला ओलं फडकं गुंडाळून ते स्टुलावर तिच्या गुडघ्याशी बसले होते. "धरून ठेव. सोसेनासं झालं की सांग."

"आता. आता नाही सोसत."

"आधी कुठे लागलं? तळाशी की बाजूला?"

"बाजूला. अंगठ्याखाली."

"कसं लागतं?"

तिने क्षणभर विचार केला. "चहा ओतल्या ओतल्या कप उचलला, की लागतं तसं. आधी बरं वाटतं, मग एकदम नको होतं."

"हां," आप्पा म्हणाले. "तसंच असायचं." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिचा अंगठा बाजूला सारून वाटीवर एक बारीक रेघ मारली. "इथून वर अर्धा सूत जास्त ठेव. बोजड दिसली तर दिसू दे."