मुऱ्हाळी

"यमुनाताई, हा सर्व्हर तुम्हाला आत कसा काय घेतोय?" जितेशने तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत विचारलं.

यमुनाला तेच कळत नव्हतं. नकार यायला हवा होता, आणि समोर 'स्वागत' आलं होतं. एरवी कुठे कोणी स्वागत केलं तर तिला बरं वाटायचं, पण टेस्टिंगमध्ये नको तिथे स्वागत झालं की काम वाढतं.

माणिकपूरला दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत जितेशचं ऑफिस होतं. एका पतपेढीच्या शाखांसाठी त्याने वेबसाइट बांधली होती. तिच्या दारात नुसता पासवर्ड चालायचा नाही. शाखेच्या कॉम्प्युटरने आपलं डिजिटल सर्टिफिकेट दाखवायचं, त्यावर सही करणाऱ्या वरच्याचंही दाखवायचं. असं एकावर एक जात सर्व्हरच्या ओळखीच्या नावापर्यंत पोचलं, तरच दार उघडायचं. मधली कडी नसेल तर परत जा. सही खरी असली तरी परत जा.

टायपिंगच्या क्लासमधून इथे आलेल्या यमुनाला हे कोणी शिकवलं नव्हतं. चुकत चुकत ती शिकली. पण ही साखळी समजायला तिला वेळ लागला नाही. चाचणीसाठी खोटी सर्टिफिकेटं बनवताना शेजारच्या टेबलावरच्या ज्ञानदाने नावं विचारली, तेव्हा ती पटकन सांगून बसली. सगळ्यात वर हरेश्वर, मध्ये जिजा, खाली यमुना.

"फॅमिली फोटोच काढलात की," ज्ञानदा म्हणाली होती.

हरेश्वर म्हणजे यमुनाचे वडील. खाडीकडच्या गावात त्यांची भातशेती. मोजणी खात्यात नोकरीला असलेला कोकणातला आत्माराम गावात आला, आणि यमुनाने त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा ते ओरडले नाहीत की रडले नाहीत. एवढंच म्हणाले, की लेक माहेरी येते ती मुऱ्हाळ्याबरोबर. घरचं माणूस आणायला आलं तर यायचं, आपल्या पायाने यायचं नाही. रीत जुनीच होती. फक्त त्यांनी मुऱ्हाळी कधी पाठवला नाही.

आली ती जिजाआत्या. वडिलांची थोरली, विधवा बहीण, त्याच घरात राहणारी. बाईमाणसाने मुऱ्हाळी व्हायचं नसतं, पण तिला सांगणार कोण? दर वर्षी भात घरात आलं की ती तुळिंजला यमुनाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी धापा टाकत चढायची, सोफ्यावर न बसता खाली बसायची आणि आत्मारामला म्हणायची, "जावयबापू, नेतंय हिला. उंद्या सांजचे आनून सोडते." ती पुढे, यमुना मागे. वडील ओटीवर असायचे. थोरल्या बहिणीला दारातून परत पाठवण्याची त्यांची हिंमत नव्हती. मुऱ्हाळ्याला आधी पाणी द्यायचं, म्हणून ते स्वतः आत्याच्या हातात पेला द्यायचे. यमुनाशी बोलायचे नाहीत. पण ती आत गेली की कोणाला तरी सांगायचे, विहिरीकडची पायरी सुटलीय, जपून जायला सांगा. एवढ्यावर यमुनाचं वर्ष निघायचं.

गेल्या पावसाळ्यात आत्या गेली. यमुनाला ते कळलं मासळीवालीकडून, तेराव्यानंतर. कोणी मुद्दाम लपवलं नव्हतं. गावचे निरोप आणायची ती आत्याच, आणि हा निरोप तिला आणता आला नाही.

आता भात घरात येऊन गेलं होतं. जिन्यात धाप ऐकू आली की यमुना हातातलं काम टाकून दार उघडायची. दर वेळी वरच्या मजल्यावरचे कोणीतरी असायचे. आत्माराम एकदा म्हणाला, की मीच सोडतो गावच्या वेशीपर्यंत. तो मनाने चांगला होता. पण तो सासरचा. सासरच्या माणसाने नेऊन सोडणं म्हणजे लेक टाकली असं गाव म्हणतं.

जितेशने सर्व्हरच्या फायली उघडल्या आणि हसायला लागला. "अहो, ही जिजा तुम्ही आतच ठेवलीय."

खरंच होतं. आज जिजाला न दाखवता नकार येतो का, एवढंच तर बघायचं होतं. आदल्या दिवशीच्या चाचणीसाठी तिनेच ते मधलं सर्टिफिकेट सर्व्हरच्या ओळखीच्या यादीत टाकलं होतं, आणि काढायचं राहिलं होतं. त्यामुळे यमुना एकटी दारात आली तरी चालत होतं. दाराच्या आतलाच जिजाला ओळखत होता.

"म्हणजे बाहेरून तिला कोणी आणायची गरज नाही," यमुना म्हणाली.

"हां, आतल्याला तिची आठवण आहे म्हटल्यावर कशाला? पण आपल्याला हे नको. डिलीट मारा आणि परत बघा."

यमुनाने ते नाव निवडलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की काढायचं? हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारतो हे तिला माहीत होतं, तरी ती जरा थांबली. मग काढलं. सर्व्हर बंद करून परत चालू केला आणि दार वाजवलं. लगेच नकार आला. त्याच्यापुढे तिने 'पास' लिहिलं.

शनिवार होता, ऑफिस दुपारी सुटलं. ज्ञानदा तिच्यासाठी नेहमीसारखी स्टेशनची रिक्षा थांबवायला लागली, तर यमुना म्हणाली तू जा, मला उलट्या दिशेला जायचंय.

गावात रिक्षातून उतरल्यावर तिने पदर नीट केला. हात रिकामे होते. मुऱ्हाळी पुढे असला की रिकाम्या हातांचं काही वाटत नाही. आज वाटत होतं. अंगणात पेंढ्याचा वास होता. धाकट्या भावाची, अल्पेशची बायको रीमा तुळशीजवळ भांडी घासत होती. तिने मान वर केली, आधी यमुनाकडे पाहिलं, मग तिच्या मागे. मागे कोणी नव्हतं.

"ताई, एकट्याच?" तिने हळूच विचारलं आणि ओटीकडे बघितलं.

ओटीवर वडील काथ्याची दोरी वळत बसले होते. वाळले होते फार. दोरी वळायची थांबली नाही. यमुना पायरीखालीच उभी राहिली. पायरीवर पाय ठेवावा की नाही, हे तिला या वयातही ठरवता येत नव्हतं.

वळता वळताच ते बोलले. तिच्याशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"कोनी आनली तुला?"

अल्पेशचं नाव सांगता आलं असतं. तो घरात नव्हता, त्याने मागून सांभाळून घेतलं असतं.

"आत्याने," यमुना म्हणाली.

रीमाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. वडिलांचे हात थांबले. ते यमुनाकडे बघत नव्हते, तिच्या थोडं पुढे बघत होते. एका माणसाची जागा सोडून ती उभी होती, सवयीने.

"रीमा," ते म्हणाले, "पानी आन. दोन पेले आन."

रीमाने पेले आणले. पहिला त्यांनी स्वतः घेतला, उठले, आणि खांबाला टेकून आत्या बसायची तिथे जमिनीवर ठेवला. मग दुसऱ्याकडे बोट दाखवलं. यमुना पायरी चढली, बसली, एका दमात पाणी प्याली. विहीर तीच होती. चव थोडी मचूळ झाली होती, खाडी आत सरकली असावी.

वडील परत दोरी वळायला लागले. ती वळलेली दोरी गुंडाळत राहिली. उन्हं उतरल्यावर रीमा पेले उचलायला आली आणि भरलेल्याकडे तिने हात नेला.

"ऱ्हाऊं दे," वडील म्हणाले. "तिला हिला परत सोडाला जायचा हाय."

रीमाने हात मागे घेतला. यमुनाने आपला रिकामा पेला त्या भरलेल्या पेल्याशेजारी सरकवून ठेवला, आणि दोरीचं सुटलेलं टोक पुन्हा हातात घेतलं.