कोंबडीपालन, भाग दुसरा

कॅप्टनचं बोट कपाटातल्या पुस्तकांच्या पाठीवरून सरकत गेलं आणि ‘कोंबडीपालन’पाशी थांबलं. वाचनालयाच्या टेबलामागे बसलेली ती त्या बोटाकडे बघत होती.

“हे एवढं सगळं कोंबड्यांवर?”

“हो.”

“अख्खं कपाट?”

“विषय मोठा आहे,” ती म्हणाली. आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

कॅप्टनने मान डोलावली, जणू त्यालाही तसा संशय होताच. त्याच्या बाहीवर पुलाचं छोटं चिन्ह शिवलेलं होतं. ते तिने तो दारातून आत येतानाच पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होती. नदीवरचा पूल आपणहून पडला असं रेडिओ सांगत असे. त्यावरच्या माणसांना वाचवल्याबद्दल कॅप्टनच्या तुकडीला पदक मिळालं होतं. तिचा दादा त्या वाचवलेल्यांपैकी एक. तो अजून घरी आला नव्हता.

त्या देशात युद्ध संपल्याची घोषणा वरचेवर होत असे. प्रत्येक घोषणेनंतर नवं सरकार येई, आणि आल्या आल्या वाचनालयात माणसं पाठवून देशाचा इतिहास गाडीत भरून नेई. मागच्या खेपेला त्यांनी इतिहासाबरोबर आधीच्या ग्रंथपालांनाही नेलं. पुस्तकांची पोच मिळाली, ग्रंथपालांची मिळाली नाही.

तेव्हा वाचनालयाचे बाइंडर खळकाका कामाला लागले. खळकाका म्हणजे हाताला कायम खळीचा वास असलेला आणि जगात कुणावरही विश्वास नसलेला माणूस. शेती खात्याने कधी काळी वाचनालयाच्या गळ्यात मारलेली कोंबडीपालनाची पुस्तकं तळघरात पडून होती. काकांनी त्यांची कव्हरं सोडवली, आतली पानं पुठ्ठे जाड करायला वापरली, आणि लोकांनी माळ्यावर, पाण्याच्या टाकीमागे, गादीच्या कापसात लपवलेली इतिहासाची पुस्तकं त्या कव्हरांत बांधली. कुठलं पुस्तक चांगलं हे ठरवायची त्यांची पद्धत सोपी होती. जे एकूण एक सरकारांनी जप्त केलं, ते चांगलं.

तेव्हापासून शहरातले दंतवैद्य, शिक्षिका, निवृत्त न्यायाधीश असे एकेक जण येत, टेबलावर वाकत आणि हळूच विचारत, “कोंबड्यांचं काही नवीन आलंय का?”

सगळा विचार करून झाला होता. झडती आली तर काय, वीज गेली तर काय, आग लागली तर काय. एखाद्याला खरोखरच कोंबड्या पाळायच्या असतील, ही शक्यता मात्र कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. कोंबडीपालनाचं एकही खरं पुस्तक शिल्लक नव्हतं.

“आमच्या आईच्या कोंबड्या मरतायत,” कॅप्टन म्हणाला. “आधी मान टाकतात, मग मरतात. आई इथे माझ्याकडे आलीय राहायला, तिला तेवढाच विरंगुळा. एखादं चांगलं पुस्तक द्या. यातलं कुठलं चांगलं?”

“सगळीच तशी...”

“तुम्ही वाचलीत?”

“चाळलीत.”

“मग पहिला भागच नेतो. सुरुवातीपासून सुरुवात केलेली बरी.” त्याने पुस्तक ओढून काढलं, न उघडता तिच्यासमोर ठेवलं, तिने शिक्का मारल्यावर काखेत मारलं आणि तो गेला. जीप सुरू होऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत ती हातात शिक्का तसाच धरून बसली होती.

नवे ग्रंथपाल वर्तमानपत्रांच्या स्टँडमागून बाहेर आले. आधीच्यांना नेल्यावर ही जागा त्यांना बढती म्हणून मिळाली होती आणि त्यांनी ती नाकारण्यासाठी बरीच खटपट केली होती.

“उघडलं का त्याने?”

“नाही.”

“का नाही उघडलं?”

“त्याला कोंबड्यांत रस नाही, साहेब. आईसाठी नेलंय.”

“आई वाचते?”

“त्याशिवाय का नेलं असेल?”

ग्रंथपाल खुर्चीत बसले. “आईनं नाही वाचलं तरी आपण मेलो. उद्या तो म्हणेल, या शहरात एक कोंबडी दिसत नाही, मग कपाटभर पुस्तकं वाचतं कोण? दाखवायला तरी कोंबडी नको?”

“माझ्याकडे बघू नका,” आतल्या खोलीतून खळकाका म्हणाले. “मी पुठ्ठा बांधतो. कोंबडी बांधत नाही.”

पण तसं झालं खरं. निरोप सभासदांपर्यंत गेला आणि घाबरलेलं शहर कोंबड्या पाळू लागलं. दंतवैद्याची कोंबडी रोग्यांच्या बाकावर बसू लागली. न्यायाधीश आपला कोंबडा दोरी बांधून फिरायला नेत आणि ओळखीच्यांना उगाच सांगत, “जुना नाद आहे.” जीपचा आवाज आला की अख्खी गल्ली दाणे टाकायला दारात येई. वाचनालयातही एक आली. ती वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसे, आणि वाचक पान उलटायचं असलं की तिला अदबीने उचलून बाजूला ठेवत.

घरी तिच्या वहिनीने कोंबडी आणली ती कापडी पिशवीत घालून. पिशवीतून तेवढं डोकं बाहेर होतं.

“एवढी लाल?” तिने वहिनीला विचारलं. “लांबून दिसेल.”

“दिसायलाच आणलीय ना, वन्सं?”

“वहिनी, मला भीती वाटतेय.”

“मला काय गुदगुल्या होतायत?” वहिनीने पिशवी खाली ठेवली आणि खाली वाकूनच, गाठ सोडता सोडता म्हणाली, “ते आले तर तुम्ही म्हणायचं, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. वाचायला मी न्यायचे. पुलाचं ते मीच परत परत वाचलंय. खोटं नाही त्यात.”

पूल दुसऱ्या भागात होता. गोळीबार कुठल्या बाजूने झाला, हुकूम कुणी दिला, माणसं कुठल्या टोकाकडे पळाली, सगळं होतं. मेलेल्यांच्या नावांत दादाचं नाव नव्हतं, वाचलेल्यांतही नव्हतं. वहिनी ते पान अशी वाचायची, जणू या खेपेला सापडेल.

न्यायला आलेच तर म्हणून ती स्वतः एका पिशवीत साडी, टॉवेल आणि दात घासायचा ब्रश भरून दाराशी ठेवून झोपायला लागली. झोप येत नसे. रोज सकाळी ब्रश लागायचाच, म्हणून पिशवी उपसायची आणि दात घासून पुन्हा भरायची.

कॅप्टन परत आला तेव्हा सकाळची गर्दी होती. क्षणात ती उरली नाही. पुस्तक त्याने टेबलावर ठेवलं. दाढी केलेली होती, पण एका गालावर कापलं होतं.

“शहरात कोंबड्या फार झाल्यात,” तो म्हणाला.

“लोकांना नाद लागलाय.”

“आईच्या सगळ्या मेल्या.”

“अरेरे. पुस्तकाचा उपयोग नाही झाला?”

त्याने मागे वळून पाहिलं. वाचनालयात आता टेबलावरच्या कोंबडीखेरीज कुणी दिसत नव्हतं. तरी त्याने आवाज खाली आणला.

“एक विचारू? काय असतं हो या पुस्तकात?”

तिने टेबलाची कड धरली. “म्हणजे?”

“आईनं ते एका बैठकीत संपवलं. चष्म्याशिवाय. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाली, बाहेर जा. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. वाढते, ताट उचलते, माझा गणवेश बघितला की तोंड फिरवते. कोंबड्या मेल्याचं दुःख समजू शकतो मी. पण त्यात माझा काय दोष?”

“तुम्ही... बघितलं नाहीत उघडून?”

“मला कोंबड्यांतलं काय कळतंय?”

तिने स्टँडकडे पाहिलं. स्टँडच्या मागे ग्रंथपालांचे बूट दिसत होते. ते एकमेकांना चिकटून उभे होते.

“आज सकाळी बोलली एकदाची,” कॅप्टन म्हणाला. “दुसरा भाग आण म्हणाली. आणि तो मी वाचायचा. तिच्यासमोर बसून, मोठ्यानं, रोज. तिला आता दिसत नाही म्हणे.” तो कसनुसा हसला. “कालपर्यंत सुईत दोरा ओवत होती. पण आई आहे, काय करणार? इतक्या दिवसांनी बोललीय, नाही कसं म्हणू?”

स्टँडच्या वर ग्रंथपालांचं कपाळ आलं, मग डोळे आले. त्यांनी जोरजोराने मान हलवली. हाताने खूण केली, बाहेर गेलंय म्हण. कुणीतरी नेलंय म्हण.

सोपं होतं. पहिला भाग सहीसलामत टेबलावर आला होता. माणसाने तो उघडलासुद्धा नव्हता. एक वाक्य बोललं की जीप निघून जाणार होती, पिशवीतला ब्रश कायमचा मोरीत जाणार होता, आणि न्यायाधीशांना कोंबड्यापासून सुटका मिळणार होती. “दुसरा भाग,” तिने सुरुवात केली आणि तिची नजर त्याच्या बाहीवर गेली. चिन्हाचा एक टाका उसवला होता. कुणीतरी तो नखाने ओढून बघितला असावा. गणवेशातला माणूस स्वतःचं चिन्ह असं उसवत नाही.

ती उठली. कपाटापाशी गेली. दुसरा भाग तिने काढला. वहिनीने एका पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. तो तिने सरळ केला आणि अंगठ्याने दाबला.

तिने शिक्का मारला; तारीख दोनदा उमटली.

“जाडजूड आहे,” कॅप्टन पुस्तक हातात तोलत म्हणाला. “सगळं वाचायला लागेल का? मधलं थोडं गाळलं तर तिला काय कळणार आहे?”

“कळेल,” ती म्हणाली.

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिनेही पाहिलं. तो तिच्या दादाच्याच वयाचा होता.

“परत कधी आणू?”

“घाई नाही,” ती म्हणाली. “सावकाश वाचा.”