भिंतीतला पलंग

खिसेमावशींना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. पुरुषांचे सूट शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला तो नुसता खिसे लावण्यात. कापणारा वेगळा, बाह्या जोडणारा वेगळा, काजं करणारी वेगळी, आणि खिसे म्हटले की मावशी. कोटाचा आतला खिसा असा लावायच्या की पाकीट, चष्मा, चाव्या, सगळा संसार आत कोंबला तरी बाहेरून कोट आपला ताठच्या ताठ. स्वभाव मात्र मिरचीसारखा. त्यांच्या शिलाईला कुणी नाव ठेवलं की त्याची धडगत नसे.

अशा बाईच्या पोटी चिरंजीव निघाले ते दुकानं सजवणारे. सजवणारे कसले, रिकामी करणारे! त्यांचा हात लागला की दुकानातला माल नाहीसा झालाच म्हणून समजा. एवढं थोरलं घड्याळांचं दुकान, आणि आत घड्याळं किती, तर चार-दोन, तीही काचेखाली आजाऱ्यासारखी निजवलेली. लोक आत येऊन कुजबुजत बोलायचे. चिरंजीवांना त्याबद्दल बक्षीसही मिळालं होतं.

मावशींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि कारखाना सुटला. तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आई, एकटी कशाला राहतेस? आम्ही नवं घर केलंय, तुझी वेगळी खोली काढलीय त्यात." त्या खोलीच्या भरवशावर मावशींनी आपली स्वतःची जागा सोडली. शेजारपाजारी सगळ्यांना सांगून झालं, पोराने माझ्यासाठी खोली काढलीय हो, चांगली उजेडाची.

खोली उजेडाची होती, खोटं कशाला बोला. पण तिच्यात पलंगच दिसेना. पलंग होता भिंतीत! पट्टा ओढला की खाली यायचा, आणि सकाळी उचलून वर ढकलला की भिंत गुळगुळीत, इथे कुणी झोपतं याचा मागमूस नाही. बाकी घराचीही तीच तऱ्हा. कपाटांना मुठी नाहीत. दाबलं की उघडतात आणि नको तेव्हाही उघडतात. ओट्याखालचे दोन खण नुसते दाखवायचे. मावशींनी पहिल्याच दिवशी ते खेचखेच खेचले, शेवटी सूनबाईंनी हसत सांगितलं, "आई, ते उघडत नाहीत. मीही पहिल्यांदा नख मोडून घेतलं होतं." दिवाणखान्यातल्या घड्याळाला आकडे नव्हते आणि काटे भिंतीच्याच रंगाचे. मावशींच्या डोळ्यांना भिंत कुठली आणि घड्याळ कुठलं, काही कळायचं नाही.

त्यांचं स्वतःचं घड्याळ होतं, किल्लीचं, लालभडक, डोक्यावर दोन घंटा असलेलं. गजर झाला की अख्खी आळी उठून बसेल असं. चिरंजीवांनी ते पाहिलं मात्र, लगेच उचलून माळ्यावर टाकलं. म्हणे डोळ्यांना टोचतं. मावशींनी ते सूनबाईंकडून परत काढवून घेतलं आणि उशीखाली दडवलं. कारण दुपारी डोळ्यांत थेंब घालायचे असत, तेही आडवं पडूनच, आणि वेळ चुकवू नका असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. स्वतःच्या पोराच्या घरात घड्याळ चोरून वापरायची पाळी! मावशींना त्याचा संताप यायचा, पण नव्या घरात रोज काय भांडायचं, म्हणून त्या गप्प बसायच्या.

गप्प बसणं संपलं ते कपड्यांच्या दुकानात. पुरुषांच्या कपड्यांचं नवं दुकान चिरंजीवांनी सजवलं होतं, आणि उद्घाटनाला आईलाही नेलं. मावशींनी सवयीने पहिल्याच कोटाच्या खिशात हात घातला. हात आत जाईना. नव्या कोटाचा खिसा कच्च्या टाक्यांनी बंद असतो, तसं असेल म्हणून त्यांनी वरची पट्टी उचलून पाहिली, तर खिसाच नाही! नुसती पट्टी शिवलेली. दुसरा कोट पाहिला, तिसरा पाहिला, सगळे एका माळेचे मणी.

"अरे, खिसे कुठे आहेत या कोटांना?" मावशी भर दुकानात कडाडल्या.

"आई, हळू बोल ना. खिशाने कोटाची लाइन बिघडते."

"आणि माणसाने रुमाल कुठे ठेवायचा? डोक्यावर?"

कोट दाखवणारा विक्रेता तोंड फिरवून हसला. चिरंजीवांनी आईला दंडाला धरून बाहेर आणलं आणि गाडीत बसवलं. त्यानंतर घरात मायलेकांचं बोलणं चहा-पाण्यापुरतंच उरलं.

आणि अशात एका मासिकाची माणसं घराचे फोटो काढायला येणार असं ठरलं. त्या दिवशी सकाळी चिरंजीव आईजवळ येऊन घोटाळायला लागले.

"आई, दुपारी जरा वेळ शेजारी जाऊन बसतेस का?"

"का बरं?"

"फोटोत माणसं नसतात गं. तशीच पद्धत आहे."

"घराच्या फोटोत माणसं नसतात?"

"नसतात. सगळं स्वच्छ दिसावं लागतं."

स्वच्छ! म्हणजे आई काय केर आहे? मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी कुठेही जाणार नाही," एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेलीच भांडी पुन्हा आदळत धुवायला बसल्या. इकडे चिरंजीवांनी खोलीतली खुर्ची उचलली, पाण्याची बाटली उचलली, सपाता कपाटात कोंबल्या, आणि पलंग चादर-उशीसकट वर ढकलून दिला. उशीखाली काय आहे ते बघायचं त्यांना कशाला सुचतंय?

मासिकाच्या बाई आल्या, बरोबर फोटोवाला आला. दिवाणखाना झाला, जिना झाला, न उघडणाऱ्या खणांचंही कौतुक झालं. मावशी स्वयंपाकघरातून उठून आपल्या खोलीबाहेरच्या बोळात एका स्टुलावर बसल्या होत्या. स्वेटरच्या खिशात थेंबांची बाटली होती, तिच्यावर त्यांची मूठ घट्ट. मंडळी त्यांच्या खोलीत शिरली.

"किती शांत आहे हो ही खोली!" बाई म्हणाल्या. "कुणाची?"

मावशींनी कान टवकारले. त्यांना अजूनही वाटत होतं की पोरगा सांगेल. कितीही थेरं केली तरी पोटचा आहे, एवढं तरी नक्की सांगेल.

"ही ना," चिरंजीव म्हणाले, "पाहुण्यांची. कधीतरीच लागते."

कधीतरीच लागते! मावशींच्या डोळ्यांसमोर त्यांची सोडलेली जागा उभी राहिली, दाराशी त्यांच्या नावाची पाटी असलेली. रडू आलं असतं, पण संताप त्याच्या आधी आला. त्या स्टुलावरून उठल्या, आणि त्याच वेळी भिंत वाजायला लागली.

वाजायला लागली म्हणजे काय, ठणाणा करायला लागली. फोटोवाला दचकून मागे सरला. बाई छताकडे बघायला लागल्या. चिरंजीव भिंत चाचपत सुटले, त्यांना काही केल्या उमगेना की आवाज येतोय कुठून.

"शेजाऱ्यांचं काहीतरी असेल," ते घाम पुसत म्हणाले. "इथल्या भिंती जरा पातळ आहेत."

"शेजाऱ्यांचं नाही, माझं आहे ते," मावशी दारातून म्हणाल्या. "सर बाजूला."

त्यांनी पट्टा धरून असा ओढला की पलंग धाडकन खाली आला. चुरगळलेली चादर आली, उशी आली, आणि लाल घड्याळ केकाटत टुणकन जमिनीवर पडलं. मावशींनी ते शांतपणे उचललं, गजर बंद केला आणि उशाशी ठेवलं. मग सरळ पलंगावर आडव्या झाल्या. थेंबांची बाटली खिशातून काढून त्यांनी लेकापुढे धरली.

"घाल."

"आई, आत्ता?"

"गजर आत्ता झालाय."

चिरंजीवांनी घाईघाईने बायकोला हाक मारली. सूनबाई दाराला टेकून हाताची घडी घालून उभ्या होत्या, कधीपासून कुणास ठाऊक. "मला कशाला बोलावतोस?" त्या म्हणाल्या. "पाहुणे तुझे आहेत ना? तूच बघ."

चिरंजीवांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते गुडघे टेकून पलंगाशी बसले, बाटली उघडली. नेम चुकून पहिला थेंब आईच्या गालावर पडला. दुसरा पडायच्या आत मावशींनी त्यांचं मनगट पकडलं.

"थांब. त्या बाईंनी तुला काहीतरी विचारलं होतं. नीट उत्तर दे."

"आई, प्लीज..."

"डोळा उघडा ठेवून पडलेय मी. दे उत्तर."

"आईची," चिरंजीव पुटपुटले.

"उशीला सांगतोस का? विचारलं त्यांनी, सांग त्यांना."

चिरंजीवांनी मान वर केली. बाईंनी हातातली वही केव्हाच मिटली होती, आणि फोटोवाला कॅमेरा खाली घेऊन आपल्या बुटांकडे बघत होता.

"ही माझ्या आईची खोली आहे," ते म्हणाले. या वेळी आवाज स्वच्छ निघाला.

मावशींनी मनगट सोडलं. थेंब डोळ्यात पडला, झोंबला, त्यांनी पापणी मिटली. बाजूला घड्याळ टकटक करत होतं.

"हं, आता दुसरा डोळा," त्या म्हणाल्या. "आणि हा पलंग पुन्हा भिंतीत ढकलायचा असला ना, तर माझ्यासकट ढकल."