भाईदासची मूठ

उद्या कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट, म्हणून झुंबरबाईच्या अंगणात सगळी भावकी जमली होती. रोटाच्या गव्हाचा नियम खानदेशात पोरासोरांनाही पाठ: घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी. माणूस दूरदेशी असला तरी त्याची मूठ काढायचीच. मेलेल्याची मात्र चुकूनही नाही, कानबाई कोपते.

झुंबरबाईच्या घरात पुरुष दोन, थोरला आधार अन् धाकटा भाईदास. भाईदास वैशाखात सुरतेला कामाला गेला, निदान आधार तसं सांगायचा. "दोंडाईचाले मीच गाडीमा बसाडी उनू, माय." बांधावरून दोघांची जुंपली होती, म्हणून रुसून न सांगता गेला असेल, अशी म्हातारीनं मनाची समजूत घातली. पण तीन महिने झाले, साधं कार्ड नाही! पोस्टमन दिसला की ती दारात यायची, अन् तो बिचारा मान हलवून पुढं जायचा.

आधार मात्र त्याच वैशाखापासून पार देवाचा झाला होता. पायात वहाण नाही, तोंडात शिवी नाही, दोन्ही वेळ कानबाईपुढे दिवा. गाव म्हणे, पोटी यावा तर असा पोरगा. वावरातली कोरडी विहीरसुद्धा त्यानं एकट्यानं बुजवली, मुकी जनावरं पडतात म्हणून. झुंबरबाईला केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं!

तिनं आत देव्हाऱ्यापुढे सुपात आधारची मूठ टाकली. मग भाईदासचं नाव घेऊन पोत्यात हात घातला, तोच आधारनं तिचं मनगट धरलं.

"एकच बस, माय."

"का रे? त्याना रोट नको?"

आधारनं मनगट सोडलं नाही. नजर देव्हाऱ्याकडे. आईशी खोटं बोलला, गावाशी बोलला, पोलीसपाटलाशीही बोलला, पण कानबाईपुढे त्याची जीभ रेटेना.

 झुंबरबाई त्या हाताकडे बघत राहिली. ह्याच हाताला धरून भाईदास चालायला शिकला होता, मेल्या!

एक गेला, तोंड मिटलं तर दुसरा तरी उरेल, हेही तिच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा, आईच ती. एक मूठ दळायची, रोट करायचा, गप्प बसायचं. पण तो रोट घशाखाली उतरणार कसा?

तिनं मनगट सोडवलं, सूप पोत्यात उपडं केलं अन् बाहेर आली. बायका जात्यापाशी खोळंबल्या होत्या. ओट्यावर भावकीतले वडीलधारे रुपचंद आबा बसले होते.

"जातं थांबाडा," ती म्हणाली. "मन्हा घर सुतक शे."

"कोन गया वं, झुंबर?" आबा दचकून उठले.

"मन्हा भाईदास. आबा, चार मानसं ल्या अन् वावरमातली बुजाडेल हीर उकरा. तीन महिना व्हयनात, मन्हा पोऱ्या सुतकबिगर पडेल शे."