डावीकडचं ऊन

नळदुर्गच्या बाजारात दोडका घ्यावा की वांगी घ्यावीत, एवढ्याशा प्रश्नापायी महानंदा एकदा इतका वेळ उभी राहिली, की भाजीवाल्या सखूबाईने आपलं बसायचं पोतं तिच्यापुढे सरकवलं. "बस गं बाई. ठरलं की ऊठ," म्हणाली. आजूबाजूच्या बायका हसल्या. महानंदाही हसली, पण पोत्यावर बसूनही तिचं काही ठरेना.

घरी असती तर हा प्रश्न केव्हाच सुटला असता. स्वयंपाकघरात ज्वारीचा डबा होता. हात घालायचा, चिमूटभर दाणे काढायचे आणि ओट्यावर जोडीजोडीने मांडायचे. सगळ्यांना जोडीदार मिळाला तर हो, एखादा दाणा एकटा उरला तर नाही. पोरीला सहलीला पाठवू का, जावेला फोन करू का, लग्नाला कोणतं लुगडं नेसू, सगळं त्या दाण्यांच्या हाती. नवरा शिवकुमार हायवेला ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. त्याला वाटायचं, बायको धान्य निवडतेय. इतकी वर्षं संसार करून त्याला एवढं कळलं नाही, पण दोष तरी कुणाला द्यावा? नवऱ्यांची नजर ताटापलीकडे जातेच कुठे.

ही खोड तिला लागली माहेरी. माहेर लोहाऱ्याजवळच्या एका खेड्यात. वडील शिवलिंगआप्पा, जमीनजुमला बरा, स्वभाव सरळ, उभ्या जन्मात कुणाचं वाकडं केलेलं नाही. फक्त स्वतःच्या मनाने त्यांनी कधी काही केलं नाही. देवघरात काळ्या दगडाची महादेवाची पिंड होती. काही ठरवायचं असलं की आप्पा अंघोळ करून पिंडीपुढे बसत, कण्हेरीची दोन फुलं पाण्यात भिजवून पिंडीच्या दोन अंगांना चिकटवत आणि हात जोडून वाट बघत. उजवं फूल आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. पेरणी, बैल, सोयरीक, सारं त्या कौलावर. गावातले लोकही कौल लावायला येत. आप्पा त्यांच्याकडून सुपारीसुद्धा घेत नसत, म्हणून तर लोकांचा भरवसा जास्त.

फुलं तोडून आणायचं आणि भिजवायचं काम महानंदाचं, कारण घरात लेकरू ते एकच.

ती अकरा वर्षांची असताना तिच्या अव्वाच्या, म्हणजे आई इरम्माच्या, पोटात दुखायला लागलं. अव्वा गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. दवाखान्यात न्यावं का, म्हणून आप्पांनी कौल लावला. डावं पडलं. दुसऱ्या सकाळी परत लावला, परत डावं. तिसऱ्या सकाळी महानंदा फुलं भिजवून शेजारीच बसली होती, आणि तिला दिसलं. देवघराच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती आणि नेमकी पिंडीच्या डाव्या अंगावर पडत होती. उन्हातलं फूल आधी सुकतं आणि सुकलेलं आधी गळतं, हे कळायला काही शाळा शिकावी लागत नाही.

"आप्पा," ती म्हणाली, "डावीकडं ऊन येतंय. म्हणून तेच पडतंय."

आप्पांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर एखादवेळेस ती विसरूनही गेली असती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "देवाफुडं बसून शंका घ्यालीस?"

डावं फूल पडलं. दिवस मावळायच्या आत अव्वा गेली. मातीला जमलेल्या माणसांत कुणीतरी विचारलं, दवाखान्यात का नेलं नाही, तेव्हा आप्पा म्हणाले, "पोरीनं शंका घेतली. कौल नासला."

भरलं पातेलं एका थेंबाने नासावं, तो थेंब म्हणजे आपण, हे त्या लेकराच्या मनात जे बसलं ते बसलंच. पुढे डोळ्यांना काही दिसलं, मनात काही आलं, की आधी धडकी भरायची, की आता आपल्यापायी काय नासणार. लग्न होऊन नळदुर्गला आली तेव्हा तिने मनाशी शपथ घेतली, की माझ्या घरात कौल लागणार नाही. लागला नाहीच. पण पुढच्या दाराने हाकललेलं मांजर मागच्या दाराने आत आलं आणि ज्वारीच्या डब्यात जाऊन बसलं.

हे सगळं तिने पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर आरोग्य केंद्रातल्या सोनाली सिस्टरला. रक्तदाब बघता बघता तिने सहज विचारलं होतं, "ताई, झोप का लागंना?" आणि महानंदा बोलत सुटली. सिस्टर हसली नाही, आणि हे सगळं खुळेपण आहे असंही म्हणाली नाही.

"देवाला सोडा म्हणत न्हाय म्या," ती म्हणाली. "गळ्यातलं इष्टलिंग ऱ्हाऊ द्या, पूजा करा. पण रोज एक गोष्ट दाण्याबिगर ठरवा. बारकीच. चुकली तर चुकू द्या. चुकल्यावर काय हुतंय ते तेवढं बगा."

पोत्याचा तो किस्सा घडला तो याच दिवसांत. महानंदाने शेवटी दोडका घेतला, आणि निघाला कडूजहर. भाजी करून ती दाराकडे डोळे लावून बसली, की आता काहीतरी होणार, पोरीला, शिवलीलेला, शाळेतून येताना कुणीतरी धडकणार. शिवलीला आली, एक घास खाल्ला, "आई, हे काय इख केलंस," म्हणाली, शेंगाच्या चटणीशी भाकरी खाल्ली आणि मोबाईल घेऊन पसरली. घरावर वीज पडली नाही. महानंदा ओट्याला टेकून रडली, आणि कडू दोडक्यापायी इतकं सुखानं आजवर कुणी रडलं नसेल.

असं हळूहळू चाललं होतं. सगळेच दिवस सारखे नसत. एखाद्या दिवशी मन कच खायचं आणि हात परत डब्यात जायचा. तरी डबा आता पहिल्यासारखा दिवसभर उघडा नसायचा.

त्यातच आप्पा तिच्याकडे राहायला आले. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते आणि एकट्याने गावी राहणं होईना. येताना एक पिशवी आणली आणि पंच्यात गुंडाळलेली पिंड. शिवकुमारने मोठ्या कौतुकाने भिंतीत फळी ठोकून दिली. कौलाचं नाव मात्र आप्पांनी काढलं नाही, कारण कुठलं फूल पडलं ते दिसणार कसं? महानंदा त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी मनापासून करायची. अव्वाबद्दल दोघंही बोलत नसत.

एका दुपारी शिवकुमार माल आणायला हैदराबादला गेला होता आणि शिवलीला शाळेत होती. आप्पांचं पोट आदल्या दिवसापासून दुखत होतं. गॅस झाला असंल, म्हणून त्यांनी ओवा चघळला होता. दुपारी त्यांना हिरवी उलटी झाली. महानंदाने सदरा वर केला तर पोट तट्ट फुगलेलं. हात लावल्याबरोबर ते कळवळले.

"आप्पा, सोलापूरला जाऊ. आत्ताच्या आत्ता."

"कौल लाव," आप्पा म्हणाले. "दारात कण्हेर हाय न्हवं? दोन फुलं आन. मला दिसत न्हाय, तू बगून सांग."

ती स्वयंपाकघरात आली. वाट किती सोपी होती. फुलं चिकटवायचीसुद्धा गरज नव्हती. "उजवं पडलं, आप्पा," एवढं म्हटलं की ते मुकाट्याने उठले असते. एका खोट्याने जीव वाचत असेल तर पाप कसलं, उलट शहाणपणच. पण मग आप्पांना वाचवल्याचं श्रेय देवाच्या कौलाला, आणि तिच्या डोळ्यांना दिसलेलं पुन्हा बिनमोलाचंच. खोटं बोलावं का? विचार करता करता तिचं लक्ष गेलं तर आपला हात ज्वारीच्या डब्यात, मूठ भरलेली.

तिला स्वतःची शरम वाटली आणि पाठोपाठ कीवही आली. तिकडे बाप कण्हतोय आणि आपण दाण्यांना विचारतोय. तिने मूठ सोडली, डब्याचं झाकण लावलं, ओळखीच्या जीपवाल्या गोरोबाला फोन केला आणि मग आप्पांपाशी येऊन बसली.

"कुठलं पडलं?" आप्पांनी विचारलं.

"म्या कौल लावला न्हाय. लावणार बी न्हाय. तुमचं पोट फुगलंय, उलटी हिरवी झालीया. हे मला दिसतंय. म्या म्हणते म्हणून चला."

"आन तुजं चुकलं तर?"

"चुकलं तर माझं चुकलं, आप्पा. देवाच्या माथी मारणार न्हाय."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मग पोटात कळ आली की काय कोण जाणे, त्यांनी हवेत हात पुढे केला आणि चाचपत तिचा खांदा धरला.

जीप हायवेला लागली. तिने आप्पांना मागच्या सीटवर खिडकीशी टेकवून बसवलं होतं. दुपार कलली होती. सोलापूरकडे तोंड केलं की या वेळेला ऊन डाव्या अंगाला येतं. आप्पांच्या डाव्या गालावर ते पडलं तसा त्यांनी गालाला हात लावला.

"डावीकडनं ऊन यायलंय," ते म्हणाले.

"व्हय."

आप्पांनी गालावरचा हात काढला नाही. मग म्हणाले, "तवाबी येत हुतं. मला दिसलं हुतं, नंदा. तुज्या आदीच दिसलं हुतं."

महानंदाने वळून बघितलं. विझलेल्या डोळ्यांत काही दिसायची सोय नव्हती.

"मग अव्वाला नेलं का न्हाय?"

"भ्या वाटलं. देवाला डावलून न्यावं आन ती वाटंतच गेली, तर कुणाला इचारायचं? मग तू बोललीस. जे माज्या मनात हुतं तेच बोललीस. आन म्या तुज्यावर ढकललं."

तिला इतका संताप आला की गोरोबाला जीप थांबव म्हणावं आणि उतरून चालू लागावं. झरोक्यापाशी बसलेली परकर-पोलक्यातली पोर तिच्यापुढे आली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिने बघितलं ते खरं होतं, आणि आपल्या आईसाठी ती बोलली होती. त्या पोरीला आजवर कुणी जवळ घेतलं नव्हतं, खुद्द महानंदानेही नाही.

"इतकी वर्सं म्या माज्या डोळ्यांवर इस्वास ठेवला न्हाय, आप्पा," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण गोरोबाने आरशातून मागे बघितलं.

आप्पांनी मान खाली घातली. ऊन त्यांच्या तोंडावर येतच होतं. थोड्या वेळाने तिने पदर धरून सावली केली. राग गेला होता म्हणून नव्हे, म्हाताऱ्या जिवाला चटका बसत होता म्हणून.

सोलापूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी फोटो काढून बघितला. आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन लगेच करावं लागेल, ते म्हणाले, पण वय बघता शब्द देता येणार नाही. मग त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "सोबत पुरुषमाणूस कुणी आहे का? निर्णय कोण घेणार?"

महानंदा तोंड उघडणार, तोच स्ट्रेचरवरून आप्पांचा आवाज आला.

"तिला इचारा. तिला बरूबर दिसतंय."

अकरा वर्षांच्या पोरीने ज्याची वाट बघितली असेल ते वाक्य हेच. ते इतक्या उशिरा आलं, दवाखान्याच्या गडबडीत आलं, तरी आलं. पण खरी गंमत पुढेच होती: ते येण्याआधीच तिचं ठरलं होतं.

"करा ऑपरेशन," ती डॉक्टरांना म्हणाली.

आप्पांना आत नेलं. ती बाहेरच्या बाकावर बसली. चूक झाली असेल का, हा प्रश्न मनात आला, आणि तिने त्याला शेजारी बसू दिलं. आप्पा वाचतील की नाही, ते तिच्या हातात नव्हतं. वाचले तर त्यांना माफ करायचं का, ते मात्र होतं. तेही ती ठरवणार होती, सावकाश, डब्याचं झाकण न उघडता. सध्या तिला चहा हवा होता. गोरोबाने विचारलं, साखरेचा आणू की बिनसाखरेचा, आणि तिने लगेच सांगितलं, साखरेचा.