एका हातात बाळ

स्क्रीन पुन्हा झोपली. माझ्या डाव्या हातावर मूठभर वजनाचं बाळ, उजव्या हातात दुधाची नळी, आणि समोरचा संगणक विचारतोय, तू कोण. अरे बाबा, सकाळपासून तुझ्यापुढेच उभी आहे. पासवर्ड टाकायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणजे बाळ खाली ठेवणं आलं. आदल्या आठवड्यात असंच एकाला घाईनं काचपेटीत ठेवून पासवर्ड टाकायला वळले, तेवढ्यात त्याचा श्वास अडकला. लगेच सावरलं. तेव्हापासून मला त्या संगणकाचा मनापासून राग होता, आणि राग काढायला तळमजल्यावर एक हक्काचा माणूस होता.

त्यांना सगळे कात्रीवाले म्हणत. पन्नाशी उलटलेले, सावकाश बोलणारे, कुणाला नाही न म्हणणारे. त्यांचं काम संगणकाच्या सुरक्षेच्या नियमांची काटछाट. वरून नियमांचा एक भलामोठा संच येतो. बँकेला तोच, कारखान्याला तोच आणि आमच्या हॉस्पिटललाही तोच. तो आमच्या मापाचा करायचा, पण मूळ संचाला बोट लावायचं नाही. वेगळी फाइल करायची आणि ठरलेल्या खुणा घालून लिहायचं की हा नियम घ्या, तो गाळा, इथला आकडा बदला, याच्याखाली ही ओळ जोडा. प्रत्येक बदलापाशी त्याचं कारण. मग संगणक दोन्ही जुळवून आमचा संच काढून देतो. हे त्यांनी समजावलं तेव्हा मी म्हटलं, काका, म्हणजे माझ्या सासूबाईंसारखंच. त्यांचा नियम कधी बदलत नाही, मी आपली खालून ओळी जोडत असते. ते इतके हसले की हातातलं बिस्किट चहात पडलं.

त्या दिवशी मी तणतणत खाली गेले आणि त्यांना नको नको ते बोलले. स्क्रीन दोन मिनिटांत झोपायची, त्यांनी लगोलग त्या दोनाची पंधरा मिनिटं केली. पण घाईत हा बदल फक्त आमच्या वॉर्डापुरता आहे, ही खूणच घालायची राहिली. तो लागू झाला अख्ख्या हॉस्पिटलला. चौकशीच्या खिडकीतली मुलगी जेवायला गेली, स्क्रीन उघडीच. एका पेशंटचे मामा तिथे टेकले आणि आपल्या शेजाऱ्याला मूळव्याध आहे हे निवांत वाचून आले. वर संध्याकाळी त्यालाच घरगुती उपाय सांगायला गेले. झालं, हॉस्पिटलच्या साहेबांचा पारा चढला. मूळ नियम आहे तसा परत आणा, म्हणाले.

कात्रीवाले पडलेल्या चेहऱ्यानं वर आले. चूक माझीच, आता दोन मिनिटंच राहणार, एवढंच पुटपुटले. मी त्यांना हात धुवायला लावले, अंगात गाऊन चढवला आणि स्टुलावर बसवलं. म्हटलं, आता बघा. सकाळभर ते बघत होते. स्क्रीन झोपली की मी बाळ ठेवायची, पासवर्ड टाकायची, बाळ उचलायची. ते रडायचं, मग सगळं पहिल्यापासून. मधेच काकांनी रुमाल काढला. मी दुसरीकडे बघितलं.

त्यांनी नव्यानं लिहिलं. पंधरा मिनिटं, पण फक्त आमच्या वॉर्डाला. खाली जोडलेली ओळ, की वॉर्डाचं दार कार्डाशिवाय उघडणार नाही, म्हणजे बाहेरचं कुणी स्क्रीनपाशी टेकणार नाही. बदललेले नियम तपासणाऱ्या बाई आल्या तेव्हा साहेबांनी मलाही बोलावलं. बाईंनी कारण मोठ्यानं वाचलं: "सिस्टरच्या एका हातात बाळ असतं."

असं कुठे लिहितात का, त्या म्हणाल्या. 'रुग्णसेवेतील कार्यात्मक गरज' असं लिहा, नाहीतर बदल काढून टाका. साहेबांनी मान डोलावली.

"मॅडम, शब्द बदलू नका," कात्रीवाले म्हणाले. "कार्यात्मक गरज असं लिहिलेले कितीतरी बदल मी स्वतः खोडलेत. उद्या माझ्या खुर्चीवर येईल तो हाही खोडेल. त्याला बाळ दिसलं पाहिजे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझे दोन्ही हात मोकळे असले ना, की समजायचं मी रजेवर आहे."

त्या हसल्या आणि मान्य असं लिहून मोकळ्या झाल्या.

कात्रीवाले यथावकाश निवृत्त झाले. निरोपाला आम्ही त्यांना खरीखुरी कात्री दिली. नियमांचा नवा संच आला, तसा त्यांच्या जागी एक नवा तरणाबांड अधिकारीही आला. बोलणं तोफखान्यासारखं. आल्या आल्या त्यानं निम्मे जुने बदल उडवले. कात्रीवाल्यांनी आयुष्यभर केलेलं काम, आणि कुणाला त्याचं काही नाही. मला फार वाईट वाटलं. मग एके सकाळी तो काखेत लॅपटॉप मारून आमच्या दाराशी उभा राहिला, आणि मी ओळखलं, आता आमची पाळी.

पण तो आत घुसला नाही. येऊ का, म्हणून विचारलं. हात धुतले, न सांगता गाऊन घातला. काचपेट्यांवरून नजर फिरवत जरा लाजतच म्हणाला, "सिस्टर, ते बाळ कोणतं?"

"ते आता शाळेत जातं," मी म्हटलं, आणि माझ्या हातावरचं त्याच्यापुढे केलं.

त्यानं लॅपटॉप ठेवायला इकडेतिकडे जागा शोधली. तो मी धरला.