धर्मसिंगचा पाणचष्मा

मित्रांनो, खुंटीला टांगलेली ही काळपट, चिरा पडलेली वस्तू काय असेल, असे तुम्हाला वाटते? कुणी मला मोटारसायकलवाल्याचा चष्मा समजते. कुणी म्हणते, फवारणीच्या वेळी तोंडाला बांधायचे काहीतरी असेल. मी पाण्याखाली पाहण्याचा एक जुना चष्मा आहे. पुढे जाड काच, भोवती रबर, नाक झाकले जाईल एवढी आत जागा आणि डोक्यामागून घ्यायचा पट्टा. मला लावून पाण्यात तोंड बुडवले की तळ स्वच्छ दिसतो. या तांड्यात मला सगळे पाणचष्मा म्हणतात. वारंगा फाट्यापासून कोसभर आत असलेल्या या तांड्यातून समुद्र शेकडो मैल लांब आहे. तरी मी इथे आलो. कसा आलो, ते ऐकाल तर तुम्हाला वाईट वाटेल, पण ते सांगायलाच हवे.

माझा जन्म एका परदेशी कारखान्यात झाला. साच्यातून काढून, काच बसवून, मला खोक्यात भरले. ते खोके उघडले ते थेट एका बेटावर. त्या बेटावर गाव नव्हते, शाळा नव्हती, देऊळ नव्हते. सगळे बेटच एका जहाज कंपनीच्या मालकीचे होते. आठवड्यातून दोनदा कंपनीचे पांढरेशुभ्र, उंच जहाज दूर पाण्यात उभे राही आणि होड्यांतून शेकडो पाहुणे किनाऱ्यावर उतरत. कुणी छत्रीखाली वाळूत पडून राही, कुणी भाजलेले मासे खाई, पोरे वाळूचे ढीग करत. ज्यांना पाण्याखालचे मासे पाहायचे असत, ते आम्हा चष्म्यांच्या झोपडीपाशी येत आणि आमच्यापैकी एकेकाला घेऊन जात. दुपारी चारला जहाजाचा भोंगा वाजे. तासाभरात बेट पुन्हा ओस पडे.

आम्हाला पाहुण्यांच्या हाती देणारा आणि परत आल्यावर धुणारा माणूस म्हणजे धर्मसिंग. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने सडपातळ. आधी तो वारंगा फाट्यावर किशनरावांच्या धाब्यावर कामाला होता. तिथून गोव्याच्या एका हॉटेलात गेला आणि तिथून जहाजावर. कंपनीने त्याला बेटावर ठेवले. मोठ्या टबात साबणाचे पाणी करून तो आम्हाला एकेक करून धुई. काचेला नख लागू देत नसे. सावलीत वाळवी, कारण उन्हाने रबर तडकते. मित्रांनो, मला हाताळणारे हात पुष्कळ झाले, पण इतके जपणारे हात मला पुन्हा मिळाले नाहीत.

त्याच्या सोबतीला कारवारकडचा प्रेमदास होता. किनाऱ्यावर एक उंच खुर्ची होती. तिच्यावर बसून पाण्यातल्या पाहुण्यांवर नजर ठेवायची, हे प्रेमदासचे काम. दोघे कामाच्या वेळी बोलत, त्यामुळे मला सगळे कळे. धर्मसिंगचा बाप थावरा हा पट्टीचा पोहणारा होता. आजूबाजूच्या गावांत कुणाची घागर, मोटर, कधी एखादे जनावर विहिरीत पडले की थावराला बोलावणे येई. त्यानेच धर्मसिंगला पोहायला शिकवले होते. घरी बायको नीलाबाई आणि सात वर्षांची रुपा होती. महिन्यातून एकदा धर्मसिंग जहाजावर जाऊन किशनरावांच्या धाब्यावरच्या एसटीडी बूथवर फोन लावी. परत आला की दिवसभर रुपाचे प्रश्न सांगत बसे. समुद्राला काठ किती असतात, मासे झोपतात का, खाली अंधार असतो का.

गंमत अशी की एवढा पोहणारा माणूस, पण त्याला त्या पाण्यात उतरायची मनाई होती. पाहुणे असोत वा नसोत, झोपडीवरच्या कामगाराने पाण्यात जायचे नाही, असा कंपनीचा नियम होता. पण सकाळी होड्या यायच्या आधी प्रेमदास दुसरीकडे बघे आणि धर्मसिंग मला लावून दहा मिनिटे पाण्यात शिरे. तेव्हा आम्ही दोघांनी जे पाहिले ते काय सांगू. पोपटासारखे हिरवे मासे दगड कुरतडत असत. पंख्यासारखी जांभळी झाडे पाण्याबरोबर हलत. एकदा एक मोठे कासव आमच्या अगदी खालून गेले, तेव्हा धर्मसिंग हसला आणि माझ्यात पाणी शिरले. पुढच्या फोनवर त्याने रुपाला त्या कासवाची गोष्ट सांगितली. येताना पाणचष्मा घेऊन येतो, असेही कबूल केले. माझ्या काचेवर एक ओरखडा पडला होता, म्हणून मला टाकूनच देणार होते. धर्मसिंगने साहेबाला विचारून मला आपल्यासाठी मागून घेतले. मे महिन्यात तो गावी जाणार होता.

१९९९ सालच्या जानेवारीतला तो दिवस. वारे सुटले होते आणि लाटा नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. पाहुण्यांची एवढी गर्दी झाली की सगळे चष्मे संपले. शेवटी पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा आला. त्याची बायको छत्रीखाली बसली होती. धर्मसिंगने मलाच काढून त्याला दिले. मिशीमुळे रबर चेहऱ्यावर नीट बसत नाही, पाणी आत येते. म्हणून त्याने म्हाताऱ्याच्या मिशीला थोडे व्हॅसलिन लावले, पट्टा घट्ट केला, आणि हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या दोरीच्या पलीकडे जाऊ नका, असे खुणेने दोनदा सांगितले.

म्हातारा माशांमागे गेला. मान खाली घालून पोहणाऱ्याला आपण किती लांब आलो ते कळत नाही. त्याने मान वर काढली तेव्हा दोरी मागे राहिली होती. एक लाट त्याच्या तोंडावर आली, माझ्यात पाणी भरले आणि तो हात झाडू लागला. मी त्याच्या चेहऱ्यावर होतो. वरखाली होताना मला किनारा दिसत होता. प्रेमदासची खुर्ची रिकामी होती.

मग धर्मसिंग दिसला. हातातला टब टाकून तो पळत पाण्यात शिरला. विहिरीत पोहतात तसे लांब हात टाकत तो आला आणि मागून म्हाताऱ्याला धरले. बुडणारा माणूस वेडा झालेला असतो. म्हाताऱ्याने त्यालाच खाली दाबले, त्याच्या खांद्यावर चढू पाहिले. त्या झटापटीत मी निघालो आणि माझा पट्टा धर्मसिंगच्या मनगटात अडकला. तरी त्याने म्हाताऱ्याला ओढत आणले आणि त्याचे दोन्ही हात दोरीवर ठेवले. म्हाताऱ्याने दोरी धरली. तेवढ्यात मोठी लाट आली आणि तिने धर्मसिंगला उचलून पाण्यातल्या खडकावर आपटले. त्याच्या कानशिलाला मार लागला.

तो वर आला नाही. मी त्याच्या मनगटाला होतो, त्याच्याबरोबर खाली गेलो. पाणी नेहमीसारखे स्वच्छ होते. मासे आपापल्या कामात होते.

म्हाताऱ्याला होडीत घेऊन जहाजावर नेले. धर्मसिंगला बाहेर काढले तेव्हा उशीर झाला होता. चारला भोंगा वाजला आणि जहाज वेळेवर निघून गेले.

प्रेमदासने माझा पट्टा त्याच्या मनगटातून सोडवला, मला पुसले आणि धर्मसिंगच्या ट्रंकेत ठेवले. दोन आठवड्यांनी एक बंद पेटी आणि ती ट्रंक मुंबईवरून जीपने तांड्यात आली. सोबत इंग्रजी कागद होता. तो किशनरावांनी वाचला आणि सगळ्यांसमोर अर्थ सांगितला. कामावर असताना, नियम मोडून, परवानगीशिवाय पाण्यात उतरला आणि बुडाला. एवढेच लिहिले होते. म्हाताऱ्याचे नावसुद्धा त्यात नव्हते.

मित्रांनो, मी त्याच ट्रंकेत होतो. मला सगळे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते.

थावरा रडला नाही. पेटीकडे बघत तो म्हणाला, "मजा करायला गेला. लेकराचा इचार न्हाई केला."

त्या दिवसापासून त्याने पोराचे नाव घेतले नाही. दुसऱ्या कुणी घेतले तर तो उठून जाई. गावोगावचे लोक विहिरीत पडलेली वस्तू काढायला बोलवायला येत, तो नाही म्हणे. स्वतः पाण्यात उतरणेच त्याने सोडले. रुपाला पोहायला शिकायचे होते, पण तिने विहिरीकडे पाऊल टाकले तरी तो ओरडे. तांड्यातही लोक हळू आवाजात बोलत. परमुलखात जाऊन दारू पिऊन पाण्यात शिरला असेल, असे कुणी म्हणे. नीलाबाई ते ऐके आणि हळदीच्या शेतात खाली मान घालून काम करत राही.

एकदा रुपाने मला ट्रंकेतून काढले आणि गुरांच्या हौदात तोंड बुडवून पाहिले. तळाला शेवाळ आणि एक बेडूक, दुसरे काय असणार? पण ती किती तरी वेळ पाहत राहिली. थावराने तिला पाहिले. त्याने मला हिसकावून पत्र्यावर फेकले. दोन उन्हाळे मी त्या तापल्या पत्र्यावर काढले. सावलीत वाळवलेले माझे रबर तिथे तडकले. एका पावसाळ्याआधी पत्रे सारखे करताना नीलाबाईला मी सापडलो. तिने मला पदराने पुसले. घरात कुणी नव्हते. तिने मला डोळ्यांना लावले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आजवर माझ्यात पाणी नेहमी बाहेरून आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते आतून भरले. मग तिने मला या खुंटीला टांगले. थावराने पाहिले, पण मला खाली काढले नाही.

असे करता करता सात वर्षे गेली. हिंगोली जिल्ह्याचे ठिकाण झाले, फाट्यावर दुकाने वाढली, लोकांकडे मोबाइल आले. २००६ सालच्या थंडीत एका दुपारी किशनराव एका पाहुण्याला घेऊन तांड्यात आले. केस पिकलेले, हातात पिशवी. मी त्याला लगेच ओळखले. तो प्रेमदास होता. नोकरी सोडून तो गावी परतला होता. धर्मसिंग आणि वारंगा फाटा, एवढ्याच पत्त्यावर दोन दिवस एसटी बदलत तो आला होता.

नीलाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो घेतला नाही. आधी ऐका, मग पाणी द्यायचे का ते ठरवा, असे तो म्हणाला. बाजेवर थावरा बसला होता, दारात चौदा वर्षांची रुपा उभी होती. प्रेमदासने सगळे सांगितले. वारे, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, दोरी, खडक. मग म्हणाला, "पाण्यावर नजर ठेवायचं काम माझं होतं. ऊन लागलं म्हणून मी पाच मिनिटं झोपडीमागे सावलीत गेलो. परत आलो तेव्हा झालं होतं, बाकीचं किनाऱ्यावरच्या लोकांनी सांगितलं. साहेबांनी कागद पुढे ठेवला. धर्मसिंग आपल्या मनाने पोहायला गेला, असं त्यावर लिहिलं होतं. खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी सही केली."

मग नीलाबाई बोलली. आवाज चढवला नाही. "सात वर्सं झाली भाऊ. सात वर्सं हे घर त्याच्यावर रुसून बसलं." एवढे बोलून ती आत गेली. पाण्याचा तांब्या तिथेच राहिला.

थावरा खाली बघत होता. त्याने विचारले, "तो म्हातारा केवढा व्हता?"

"सत्तरीचा असेल."

"माझ्याएवढाच की," थावरा म्हणाला. "वाचला का तो?"

"वाचला."

"मंग बराबर केलं पोरानं."

प्रेमदासने मान हलवली. थावराने शेवटचे विचारले. "त्यानं पुसलं का, मला काढणारा कोण व्हता म्हून? नाव पुसलं का?"

प्रेमदासला खोटे बोलता आले असते. त्या घरात तेव्हा एक खोटे पुण्याचे ठरले असते. पण तो खरे सांगायला आला होता. "नाही, बाबा," तो म्हणाला. "जहाज सुटायचं होतं."

इतकी वर्षे थावराला रागाने उभे ठेवले होते. पोरावर राग धरला की दुःख जवळ येत नाही. आता राग धरायला जागाच उरली नाही. थावरा बाजेवरून उतरून खाली बसला, दोन्ही हात जमिनीला टेकले, आणि सात वर्षांचे रडणे त्याला एकदम आले. रुपा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. नीलाबाई आतून बाहेर आली नाही, पण चुलीपाशी तिचेही रडणे ऐकू येत होते. प्रेमदास अंगणात जाऊन उभा राहिला. दिवस कलल्यावर तो किशनरावांबरोबर परत गेला. त्याला कुणी थांब म्हटले नाही, आणि कुणी शिवीही दिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात थावरा वारला. त्याला खरे कळले, पण पोरावर धरलेल्या रागाची माफी पोराकडे मागायची राहून गेली. शेवटच्या दिवसांत तो तेवढेच बोलत असे.

मित्रांनो, माझी काच आता धुरकट झाली आहे आणि माझा काही उपयोग उरलेला नाही. मला जपा, असे मी म्हणणार नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, फिरायला जाल, समुद्रावर जाल. तिथे कुणीतरी तुमच्या हातात चष्मा देईल, कुणी होडीत चढताना हात देईल, कुणी तुमचे ताट उचलेल. परतीची कितीही घाई असली तरी क्षणभर थांबा आणि त्याला त्याचे नाव विचारा. आणि घरातले कुणी गेले, तर नुसत्या कागदावरून त्याच्यावर रुसू नका.

पांढऱ्या मिशांचा तो म्हातारा अजून असेल तर ऐंशीच्या पुढे गेला असेल. आपल्याला कुणी दोरीपर्यंत आणले, हे त्याला ठाऊक नाही. तुम्हाला मात्र मी सांगतो. त्या माणसाचे नाव धर्मसिंग थावरा राठोड होते.